केसाळ्याची साक्ष

आमच्या गावाचं नाव हरवल्या खेचराचं खोरं. खेचर कुणाचं होतं, कधी हरवलं, हे कुणाला सांगता येत नाही. ते सापडलं नाही एवढं मात्र नक्की, कारण सापडलं असतं तर नाव बदलावं लागलं असतं. केंटकीच्या डोंगरांत अशी खोरी पुष्कळ आहेत. प्रत्येक खोऱ्यात एक ओढा, एक चर्च, एक बंद पडलेली खाण आणि रानात कुठंतरी एक केसाळ्या असतो. आमचा केसाळ्या अस्वलापेक्षा उंच, माणसासारखा दोन पायांवर चालणारा आणि ओल्या कुत्र्यासारखा वास मारणारा. आमच्या आज्यांना पोरांना खाणीच्या तोंडापासून लांब ठेवायचं असे, तेव्हा तो बाहेर यायचा. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

त्या वर्षी पाऊस जूनमध्येच रुसला. ऑगस्ट लागला तेव्हा ओढ्यातले दगड पांढरे पडले होते आणि मक्याची पानं विडीसारखी गुंडाळली गेली होती. खोऱ्याच्या टोकाला, जिथं डांबरी रस्ता कंटाळून संपतो, तिथं हॉबर्ट साइझमोरचं घर. हॉबर्टचा जन्म खाणीत गेला. खाण बंद झाली तेव्हा त्यानं हेल्मेट, दिवा, पट्टा सगळं परत केलं. छातीतली धूळ तेवढी परत करता आली नाही. आता पडवीतल्या आरामखुर्चीशेजारी श्वासाचं यंत्र घुमत असे आणि त्याची पारदर्शक नळी हॉबर्टच्या नाकात असे. यंत्र विजेवर चालायचं. वीज आणि हिवाळ्याचा कोळसा, दोन्ही चालायचं ते ओर्लीनाच्या कुदळीवर.

ओर्लीना ही त्याची बायको. अंगानं काटक, हाताची बोटं आल्याच्या गाठीसारखी. ती जिनसेंग खणायची. दूर देशांत ह्या मुळीला औषध म्हणून फार मान आहे म्हणतात. आमच्याकडं कुणी खात नाही, खणून विकतात. मुळी रानात सावलीला वाढते, आणि वाढायची घाई तिला अजिबात नसते. पोर शाळेत जाऊन शिकून शहरात पळून जाईपर्यंत ही आपली करंगळीएवढी. गिधाडखडकाखाली, डोंगराच्या उत्तरेच्या उतरणीवर, हॉबर्ट-ओर्लीनानं तरुणपणी बिया टोचल्या होत्या. तो वाफा त्यांनी कुणालाही सांगितला नव्हता. पाद्र्याला नाही, पोटच्या मुलीला नाही, ओर्लीनाच्या सख्ख्या भावाला, व्हेस्टरलाही नाही. आमच्याकडं माणूस आपलं पाप सांगेल, पण मुळीची जागा सांगणार नाही.

बाकीचं रान आता खणून खणून रिकामं झालं होतं. म्हणून ह्या वर्षी तो वाफा काढायचा ठरला होता. नाही काढला, तर घर सोडून दूर डेटन शहरात जायचं. डेटनला त्यांची मुलगी जनेल राहायची. तिनं तळघरात खोली करून ठेवली होती.

"टीव्ही आहे म्हणाली," ओर्लीना म्हणाली.

"आयुष्यभर जमिनीखाली राबलो," हॉबर्ट म्हणाला. "आता मरायलाही जमिनीखालीच का?" एवढं बोलून तो खोकला. त्याचं वाक्य लांब असलं की खोकला त्याचा पूर्णविराम व्हायचा. "इथं मरू दे मला. डोंगर दिसतोय तोवर."

तर गोष्ट एवढीच होती. रोपांना लाल दाणे येईपर्यंत मुळ्या टिकायला हव्या होत्या. दाणे हिरवे असताना मुळी खणू नये, हा आमच्याकडं कायदाही आहे आणि धर्मही. कायदा मोडणारे बरेच आहेत. धर्म मोडला की मात्र लोक नाव घेऊन बोलतात. पण शेजारच्या खोऱ्यातल्या मुळीचोरांच्या टोळक्याला दोन्हींचं सोयरसुतक नव्हतं. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात ओर्लीनाला डोंगराच्या पायथ्याशी ताजे खड्डे दिसले. पानं बाजूला फेकलेली, हिरवे दाणे चिरडलेले.

ती खाली आली, टोपलीतल्या घेवड्याच्या शेंगा पुढ्यात घेतल्या आणि सुईदोऱ्यानं ओवायला लागली. हिवाळ्यासाठी शेंगा अशाच माळा करून पडवीत वाळवतात. पाच-सहा शेंगा ओवून झाल्यावर तिनं खड्ड्यांचं सांगितलं.

"मी जाऊन बसतो वर," हॉबर्ट म्हणाला. "बंदूक घेऊन."

"आधी पडवीच्या पायऱ्या चढून दाखव. मग डोंगराचं बघू."

"मग तू बस."

"आणि शेंगा कोण ओवेल? गाजरं कोण उपटेल? तुझी नळी कोण धुवेल?" तिनं दात लावून दोरा तोडला. "बसते म्हणे. मी शेवटची बसले ती लग्नात."

हॉबर्टनं डोंगराकडं बघितलं. मग म्हणाला, "आजी आम्हाला खाणीपाशी जाऊ द्यायची नाही. काय सांगायची, आठवतंय?"

ओर्लीनाची सुई थांबली. "तू आता काय पोरासोरांना घाबरवणार?"

"टोळक्यातली सगळी पोरंच आहेत."

दुसऱ्या दिवशी व्हेस्टरच्या गाडीतून तो क्लीटाच्या दुकानात गेला. क्लीटाचं दुकान म्हणजे पेट्रोल, पाव, आमिषाचे किडे आणि बातम्या, सगळं एकाच गल्ल्यावर. हॉबर्ट पालथ्या खोक्यावर बसला. थोडा श्वास गोळा केला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "गिधाडखडकाच्या अंगाला काहीतरी आहे बुवा. दोन पायांवर. वास तर असा की यंत्र बंद करावंसं वाटलं."

क्लीटानं पाव कापायची सुरी खाली ठेवली. "केसाळ्या?"

"मी नाव घेतलं नाही," हॉबर्ट म्हणाला. खोटं बोलायची ही उत्तम रीत आहे. नाव दुसऱ्याकडून घ्यावं.

इथवर सगळं ठीक होतं. दुकानात बोललेलं आमच्याकडं दुकानातच राहतं. कुणी मनावर घेत नाही, कुणी शपथ घालत नाही. दोन दिवस ते टोळकंही दिसलं नाही म्हणतात. पण रविवार आला.

आमच्या चर्चमध्ये प्रवचनाआधी साक्षीची वेळ असते. ज्याला देवानं काही दाखवलं, त्यानं उभं राहून सांगायचं. साक्षीला कुणी पुरावा मागत नाही, आणि दिलेली साक्ष कुणी मागं घेत नाही. खोऱ्यात घटस्फोट झालेत, जमिनीचे तुकडे झालेत, एकदा चर्चचेही दोन झाले. पण साक्ष मागं घेतलेला माणूस नाही. हॉबर्ट उठला तो आपल्या छातीसाठी प्रार्थना करा म्हणायला. बाकाला धरून उभा राहिला, एवढ्यात मागून क्लीटा म्हणाली, "सांग, हॉबर्ट. काय दाखवलं त्यानं तुला, ते सांग."

ब्रदर आर्व्हिल, आमचे पाद्री, डोळे मिटून म्हणाले, "आमेन. सांग, बाबा."

हॉबर्ट बसू शकत नव्हता, कारण बसायलाही श्वास लागतो. तो खोटं बोलू शकत नव्हता, कारण चर्च होतं. आणि खरं बोलू शकत नव्हता, कारण खरं म्हणजे वाफा. ओर्लीना त्याच्या शेजारी बसून स्वतःच्या बुटांकडं बघत होती.

"पाहिला," हॉबर्ट म्हणाला. "मी त्याला पाहिला."

"आमेन," सगळं चर्च म्हणालं.

पुढच्या रविवारी ब्रदर आर्व्हिलच्या मेहुणीला तो मक्याच्या शेतात दिसला. त्याच्या पुढच्या रविवारी पोस्टमनला टेकडीवर, क्लीटाला कोंबड्यांना दाणे टाकताना, आणि दारू सोडलेल्या दोघांना, दारू सोडलेली असताना. आमच्यापैकी ज्यांना तो दिसला नाही, ते जरा शरमेनंच वावरू लागले. क्लीटाच्या भाच्यानं हे सगळं फोनवरून जगाला कळवलं.

मग माणसं आली. आधी एक गाडी, मग ओळीनं. रानाच्या रंगाचे कपडे घालून रानात न दिसण्याची त्यांची हौस, आणि गाड्या मात्र लाल-पिवळ्या. त्यांनी झाडांना कॅमेरे बांधले. केसाळ्या लाकडावर ठोकून आपल्या भाईबंदांना हाक मारतो, अशी त्यांची समजूत होती. म्हणून ते बॅट घेऊन झाडाच्या बुंध्यावर ठोकायचे आणि कान देऊन उभे राहायचे. पलीकडच्या कड्यावरून उत्तर यायचं. तिकडं त्यांचीच दुसरी तुकडी असायची. दोन्हीकडं वह्यांत नोंदी व्हायच्या आणि दोन्हीकडं आनंद.

"तू चार पोरं हाकलायला निघालास," ओर्लीना म्हणाली, "आणि जत्रा भरवलीस."

तिला आता दिवसभर काम पडायचं. पडवीसमोर गाड्या लागायच्या. पाणी मागायला लोक यायचे, आणि पाणी मागणाऱ्याला जेवलास का म्हणून विचारायचं नाही हे तिच्या हाडात नव्हतं. पिंटो घेवड्याचं कालवण, बिडाच्या तव्यातला मक्याचा पाव, तळलेली सफरचंदं. लोक जेवायचे आणि हॉबर्टला विचारायचे, कुठं पाहिलात? हॉबर्ट दक्षिणेकडं बोट दाखवायचा. मग ते दक्षिणेकडं जायचे आणि परत येऊन अजून एक पाव मागायचे.

सगळ्यांत खूश होता व्हेस्टर. खाण बंद झाल्यापासून त्याच्या हाताला काम नव्हतं. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. आता तो वाटाड्या झाला होता. गळ्यात शिट्टी, अंगात खिशांचं जाकीट. लोक त्याला 'सर' म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यानं मागं वळून बघितलं.

"ताई, कालवण अजून आहे का?" तो स्वयंपाकघरात डोकावून विचारायचा. "माझ्या माणसांना हवंय."

"तुझ्या माणसांना! आईनं ऐकलं असतं तर हसली असती."

"आईनंच शिकवलं रान मला. तिला सगळ्यांत आनंद झाला असता." हे खरं होतं. आईनं दोघांनाही शिकवलं होतं. ओर्लीनाला पाठीवर घेऊन आणि व्हेस्टरला छडी घेऊन.

एका सकाळी हॉबर्टनं त्याला पडवीत बोलावलं. सप्टेंबर तोंडावर आला होता. वाफ्यातले दाणे लालीवर आले असतील, ओर्लीना दोन दिवसांनी जाणार होती. हॉबर्टला रात्रभर झोप नव्हती.

"व्हेस्टर, ह्या लोकांना कुठंही ने. खाणीकडं ने, ओढ्यानं ने. फक्त गिधाडखडकाखाली नेऊ नकोस. उत्तरेच्या अंगाला."

"का रे?"

"गांधीलमाश्या आहेत. जमिनीत पोळी आहेत मोठाली. कुणाला चावल्या तर नसती भानगड."

"बरं," व्हेस्टर म्हणाला. "नाही नेत."

तो गेला. ओर्लीना आतून पीठ माखलेले हात घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं हॉबर्टकडं बघितलं, तेवढ्यावरच त्याला अर्थ कळला. सावली, ओल, उत्तरेची उतरण. ऑगस्टअखेर एखाद्यानं तिकडं जाऊ नको म्हटलं, तर आमच्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही गांधीलमाशी समजणार नाही.

"तो आपला आहे," हॉबर्ट म्हणाला.

"हो ना," ओर्लीना म्हणाली. "म्हणूनच त्याला कळलं."

त्या दुपारी हॉबर्टनं जे केलं ते आमच्या खोऱ्यात आधी कुणी केलं नव्हतं. पडवीत जेवायला बसलेल्या लोकांना तो म्हणाला, "ऐका. मी खोटं बोललो. केसाळ्या-बिसाळ्या काही नाही. घरी जा."

सिनसिनाटीहून आलेला एक दाढीवाला होता, ब्रायस नावाचा. त्यानं चमचा खाली ठेवला आणि हळूच फोन वर धरला. "कुणी धमकावलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मीच बनवलं."

"हात बघा," ब्रायस शेजाऱ्याला कुजबुजला. "हात कसे थरथरतायत बघा."

"ते छातीमुळं थरथरतात!" हॉबर्ट ओरडला आणि त्याला असा खोकला आला की ओर्लीनाला यंत्राचं बटण फिरवावं लागलं. ते सगळं फोनमध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी गाड्या आल्या. त्यानं एवढं काय पाहिलं की आता नाकबूल करतोय, असं जगात विचारलं जाऊ लागलं.

संध्याकाळी ब्रदर आर्व्हिल आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. "हॉबर्ट, तू म्हणे साक्ष मागं घेतोयस."

"खोटी होती, ब्रदर आर्व्हिल."

"असेल." त्यांनी टोपीची कड फिरवली. "पण तुझ्यानंतर किती लोक उभे राहिले. माझी मेहुणी उभी राहिली. ते दोघं दारूला परत शिवले नाहीत ते केसाळ्याच्या भीतीनं. तू खोटा ठरलास तर ते कोण ठरतील? एका म्हाताऱ्याच्या खरेपणासाठी सगळं चर्च खोटं पाडायचं का?"

हॉबर्टनं नाकातली नळी नीट बसवली. वाद घालायला तेवढा श्वास नव्हता.

खणायचा दिवस उजाडला. ओर्लीनानं कमरेला पोतं बांधलं, बारकी कुदळ आणि मोठा पेचकस घेतला. मुळीचे तंतू तुटू नयेत म्हणून शेवटची माती पेचकसानं काढतात. हॉबर्ट म्हणाला, मीही येतो. ती नको म्हणाली नाही. प्राणवायूचं लहान नळकांडं खांद्याला लावून तो तिच्यामागं निघाला. पायवाट पालापाचोळ्यानं कुरकुरत होती. वीस पावलांवर बसायचं, पुन्हा उठायचं. ती पुढं जाऊन थांबायची आणि झाडाची साल बघतेय असं दाखवायची, म्हणजे त्याला ती आपल्यासाठी थांबलीय असं वाटू नये. वाटेत कुणाची तरी पाण्याची बाटली, कुणाचा तरी मोजा, एका ओकवर बांधलेला कॅमेरा. कॅमेऱ्याचा लाल डोळा त्यांच्याकडं बघून लुकलुकला. पहिल्या सपाटीला पोचल्यावर हॉबर्ट पडलेल्या झाडावर बसला. त्याचे ओठ जांभळे झाले होते.

"जा तू," तो म्हणाला. "मी इथून ऐकतो."

ती वर गेली. गिधाडखडकाखालची उतरण तिला डोळे मिटून माहीत होती. तिथं चार फाट्यांच्या, पिवळ्या पडत चाललेल्या पानांच्या, मधोमध लाल दाण्यांचा झुबका मिरवणाऱ्या रोपांच्या ओळी असायला हव्या होत्या. तिथं नुसतं रान होतं. पालापाचोळा नीट, सारखा पसरलेला. खड्डा एक नाही. आपणच जागा चुकलो असं तिला वाटलं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं बोटांनी पाचोळा बाजूला केला.

खाली पाटीच्या दगडाचा चपटा तुकडा होता. तो उचलला. त्याखाली भुसभुशीत माती. तिनं बोट घातलं. एका पेरावर लाल दाणा लागला.

शेजारी दुसरा तुकडा. त्याखाली दुसरा दाणा. आणि तिसरा.

मुळी खणली की तिचे दाणे तिथंच पुरायचे, हे आमच्याकडं बरेच लोक करतात. अंगठ्यानं दाबतात आणि पुढं जातात. पण रानकोंबड्यांनी उकरू नये म्हणून प्रत्येक दाण्यावर पाटीच्या दगडाची चपटी खपली ठेवायची, ही रीत एकाच बाईची होती. ती बाई चर्चमागं पुरलेली होती आणि तिला दोनच मुलं होती. त्यांतलं एक आत्ता इथं गुडघ्यांवर बसलं होतं.

सगळा वाफा असा होता. एकही दाणा विसरलेला नव्हता. चोरी इतक्या देवभीरूपणे केलेली तिनं पाहिली नव्हती. ओर्लीनानं उकरलेले तिन्ही दाणे परत लावले, खपल्या ठेवल्या, पाचोळा सारखा केला. गुडघे झटकले आणि खाली आली.

हॉबर्टनं तिच्या कमरेच्या पोत्याकडं बघितलं. ते चपटं होतं.

"कुणी नेलं?"

"केसाळ्यानं," ती म्हणाली.

तो हसायला लागला आणि हसण्याचा खोकला झाला. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. शांत झाल्यावर त्यानं विचारलं, "आणि दाणे?"

"लावलेत. एकूणएक."

हॉबर्ट नळकांड्याचा काटा बघत बसला. "मग आपलाच केसाळ्या," तो म्हणाला.

ते दोघं बराच वेळ उठले नाहीत. उठून काही करायचंही नव्हतं.

पोलिसात जायचं का, असं जनेलनं फोनवर विचारलं. ओर्लीना म्हणाली, कुणाचं नाव सांगू? मग जनेल म्हणाली, खोली तयारच आहे. ओर्लीनानं कोंबड्या क्लीटाला दिल्या. वाळलेल्या शेंगांच्या माळा एका उशीच्या अभ्र्यात भरल्या. डेटनला सामान न्यायला व्हेस्टर आपण होऊन आला. त्याच्या गाडीला नवे टायर होते. अंगावर जाकीट नव्हतं.

"ताई, तू काही उचलू नकोस," तो म्हणाला आणि खरंच सगळं त्यानंच उचललं. पलंग, शिलाईमशीन, यंत्र. यंत्र त्यानं दोन रजयांत तान्ह्या बाळासारखं गुंडाळलं. ओर्लीनानं त्याला जेवायला वाढलं. तो खाली मान घालून जेवला.

"अजून घे," ती म्हणाली.

"नको, ताई."

"घे. वाटेत भूक लागेल."

त्यानं घेतलं. "मुलांना आणायचंय परत," तो ताटाकडं बघून म्हणाला. "त्यांची आई आता येईन म्हणाली." ओर्लीनानं ताट उचललं आणि धुवायला नेलं.

गाडीच्या पुढच्या बाकावर तिघं बसले. व्हेस्टर स्टिअरिंगमागं, मध्ये हॉबर्ट, दाराशी ओर्लीना. खोऱ्याच्या तोंडाशी ब्रायस आणि त्याची माणसं रस्त्यावरच उभी होती. त्यांना बातमी कळली होती. शेवटचा फोटो हवा होता. व्हेस्टरला गाडी थांबवावी लागली.

ब्रायसनं खिडकीतून डोकं घातलं. आवाज खालचा, चर्चमधल्यासारखा. "मिस्टर साइझमोर, तुम्ही जाताय. आता तरी खरं सांगा. कुठं पाहिलात त्याला?"

हॉबर्टनं छातीत मावेल तेवढा श्वास गोळा केला. मग हात वर केला आणि डावीकडं, स्टिअरिंगमागं बसलेल्या माणसाकडं बोट दाखवलं. बोट त्याच्या गालापासून वीतभर होतं.

ब्रायसनं आधी बोटाकडं बघितलं, मग व्हेस्टरकडं. मग ब्रायस हसला. मग सगळेच हसले, फोनमध्ये टिपत टिपत. सगळ्यांत मोठ्यानं व्हेस्टर हसला. हसता हसता त्यानं गिअर टाकला, तो लागला नाही, पुन्हा टाकला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यानं पुसलं नाही. गाडी धक्का खाऊन निघाली.

मोठा रस्ता आला, डोंगर मागं गेले, तरी हॉबर्टचं बोट तसंच होतं. व्हेस्टर समोर बघून गाडी चालवत होता.

ओर्लीनानं तो हात धरून खाली घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "दमशील."